मणी फुटावा, दोरा तुटू नये

मण्यांच्या तोरणात एक मणी जास्त ओवला गेला तर काय करायचे? विणणाऱ्या कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते : तिथपर्यंत उसवायचे आणि पुन्हा विणायचे. माझी आई आयुष्यभर हेच करत आली. पण भाचीच्या रुखवतासाठी ती तोरण विणत होती, तेव्हा पोपटाच्या पंखातली चूक लक्षात आली ती अकरा ओळी पुढे गेल्यावर. आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन झालेले. एक ओळ म्हणजे एक संध्याकाळ. अकरा संध्याकाळी उसवायच्या या कल्पनेनेच ती गप्प झाली.

मी म्हणाले, "उसवायचं कशाला? तो एक मणी फोडून टाकू." घरातली पक्कड आणली, मणी पकडला आणि दाबला. मणी फुटला. दोरा शाबूत दिसत होता, म्हणून मी निर्धास्त झाले. तिसऱ्या दिवशी आईने पुढची ओळ घट्ट ओढली आणि नेमक्या त्याच जागी दोरा तुटला. आई काही बोलली नाही. ताटली घेऊन मणी वेचत बसली.

पदार्थ का आणि कसे तुटतात याचा अभ्यास करणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे ही फजिती मला जरा जास्तच लागली. दोरा जोडून मिळतो का हे पाहायला मी बाजारात मंगळसूत्रे ओवून देणाऱ्या पटवेकऱ्यांकडे गेले. त्यांनी तुटलेले टोक भिंगाखाली धरले आणि विचारले, "ताई, मणी बाहेरून दाबून फोडलात ना? तो आतून फोडायचा असतो." मग एका फुटकळ काळ्या मण्यावर त्यांनी ते करून दाखवले. मण्याच्या भोकात, दोऱ्याच्या शेजारून, त्यांनी एक जाड सुई घातली आणि हळूहळू पुढे रेटली. टच् असा आवाज झाला, मण्याचे तुकडे दोन बाजूंना उडाले आणि दोरा जसाच्या तसा राहिला.

घरी येईपर्यंत मला त्यामागचे कारण उमगले. ते मला आधीच सुचायला हवे होते, कारण त्यात जे आहे ते मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते.

काचेचा स्वभाव

काच दाब सोसते, ताण सोसत नाही. त्याच काचेला दाबून फोडण्यासाठी जेवढा जोर लागतो, त्याच्या सुमारे दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी जोर तिला ताणून तोडायला पुरतो. याचे कारण काचेच्या पृष्ठभागावर असते. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या काचेवर अतिसूक्ष्म चरे असतात. काच ताणली की चऱ्याच्या दोन्ही कडा एकमेकींपासून दूर जाऊ पाहतात आणि सगळा ताण चऱ्याच्या टोकाशी गोळा होतो. तिथे भेग सुरू होते आणि एकदा धावू लागली की थांबत नाही. उलट काच दाबली तर चऱ्याच्या कडा मिटतात. १९२०च्या सुमारास ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने काचेवर प्रयोग करून ही गोष्ट मांडली आणि पदार्थ तुटण्याच्या आधुनिक शास्त्राचा पाया घातला.

काच कापणारा कारागीर याच स्वभावाचा उपयोग करतो. तो हिऱ्याच्या कणीने एक रेघ ओढतो आणि रेघेची बाजू ताणली जाईल अशा तऱ्हेने काच हलकेच वाकवतो. बाकीचे काम भेग करते. काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतल्यावर पेला का तडकतो? आतली काच तापून फुगू पाहते, बाहेरची अजून थंड असते, त्यामुळे ती ताणली जाते आणि तडकते. सगळीकडे तात्पर्य एकच : काच फुटते ती जिथे ताण पडतो तिथून. मणी फोडायचा असेल, तर तो ताण कुठे पडावा आणि तुकडे कुठे जावेत हे आपण ठरवले पाहिजे.

पक्कड काय करते?

मणी म्हणजे जाड भिंतीची एक छोटी कडी. तिचे काय होते हे समजण्यासाठी पोस्टकार्डाच्या पट्टीची एक कडी करा आणि टेबलावर उभी धरून वरून बोटाने दाबा. कडी लंबगोल होते. वर आणि खाली, म्हणजे जिथे दाब पडतो तिथे, तिचा बाक सपाट होतो. सपाट होताना कडीची आतली बाजू ताणली जाते. डावी-उजवीकडे याच्या उलट घडते. तिथे बाक वाढतो आणि बाहेरची बाजू ताणली जाते.

आता पट्टीच्या जागी काच आहे असे समजा. पकडीच्या जबड्यांखाली पहिली भेग आतल्या बाजूला, भोकाच्या भिंतीवर सुरू होते. दोरा तिथेच असतो. मणी फुटल्याक्षणी हाताचा जोर थांबत नाही, जबडे तसेच मिटत जातात. नुकत्याच झालेल्या धारदार तुकड्यांना ते थेट दोऱ्यावर दाबतात. म्हणजे आपण दोरा कापण्याचे एक यंत्रच तयार केलेले असते.

ताज्या तुटलेल्या काचेची धार किती तीक्ष्ण असते? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायच्या तर नमुन्याचे १०० नॅनोमीटरहूनही पातळ काप लागतात. त्यासाठी १९५०पासून चक्क तोडलेल्या काचेची धार सुरी म्हणून वापरतात. अशा धारेपुढे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढ्या जाडीच्या दोऱ्याचा काय पाड लागणार!

सुई काय करते?

सुई ही एक पाचर आहे. लाकूड फोडणारा पाचरीवर घाव घालतो तो खाली, पण पाचर लाकडाला रेटते दोन्ही बाजूंना. पाचर जितकी निमुळती, तितका बाजूचा जोर जास्त. सुईचा उतार अगदी मंद असतो. त्यामुळे घर्षणात बराच जोर वाया गेला तरी बोटांचा साधा रेटा पुरतो. सुई भोकाच्या भिंतीला सगळीकडून बाहेर ढकलते. कडीच्या पूर्ण घेराला ताण बसतो आणि ताण हे तर काचेचे मर्मस्थान. मणी तडकतो आणि तुकडे बाहेरच्या दिशेने, म्हणजे दोऱ्यापासून दूर जातात.

प्रत्यक्ष करताना काही पथ्ये आहेत. सुईचे टोक आधी सहाणेवर घासून बोथट करावे, नाहीतर तेच दोऱ्यात घुसते. मण्याखाली जाड खोडरबर धरावे, म्हणजे मण्याला आधार मिळतो आणि सुई निसटून बोटात जात नाही. सुई दोऱ्याच्या एका बाजूने घालावी, दोरा तिच्यात आणि भोकाच्या भिंतीत चिरडू नये. सुई एकदम न रेटता गोल फिरवत पुढे न्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोळ्यांना चष्मा असावा आणि मण्यावर रुमाल किंवा पारदर्शक पिशवी असावी. काचेचा कण लहान असला तरी डोळ्याला मोठाच.

भोकातून दोरा दोन-तीनदा गेला असेल आणि जाड सुई आत पुरेशी शिरत नसेल, तर दोन्ही युक्त्या एकत्र कराव्यात. जाईल तेवढी सुई भोकात घालून ठेवावी आणि मग पकडीच्या टोकाने मणी दाबावा. तुकडे आत आले तरी त्यांचा मार सुईच्या पोलादावर बसतो. यात दोऱ्याला थोडा धोका राहतोच, म्हणून हा दुसरा पर्याय.

हे सारे काचेच्या मण्यांबद्दल झाले. प्लास्टिकचे बरेच मणी ठिसूळ नसतात. ते सुईने तडकत नाहीत, नुसते पसरतात. असा मणी दोऱ्यापासून दूरच्या कडेने नेलकटरने थोडा थोडा कुरतडावा.

दोरा शाबूत दिसला तरी

माझा दोरा तीन दिवसांनी का तुटला? हे तोरण तंगूसमध्ये विणलेले होते. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकच अखंड तंतू. काचेच्या कडेने त्यावर लहानशी खाच पडली होती. काचेच्या चऱ्याप्रमाणे इथेही ताण खाचेच्या टोकाशी एकवटतो. नायलॉन काचेइतके ठिसूळ नसल्यामुळे ते लगेच तुटत नाही, पण पुढच्या प्रत्येक ओढीला खाच वाढत जाते. सुती किंवा रेशमी दोऱ्यात अनेक तंतू पिळलेले असतात. त्यांतले काही तुटले तर दोऱ्यावर लव दिसते आणि आपल्याला आगाऊ सूचना मिळते. तंगूस अशी सूचना देईलच असे नाही. म्हणून मणी फोडल्यावर ती जागा भिंगातून पाहावी, नखाच्या कडेने चाचपावी आणि पुढे विणण्यापूर्वी एकदा बेताने ओढून पाहावी. तुटायचेच असेल तर आताच तुटलेले बरे.

उसवतानाही दोऱ्याला इजा होते. सुई आल्या वाटेने उलटी नेताना टोकाऐवजी नेढ्याकडून न्यावी. टोक आधीच्या दोऱ्यात घुसले, तर पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही.

कोणता मणी फोडायचा?

तोरणाची वीण बहुधा चार-चार मण्यांच्या घरांची असते. वर एक, खाली एक आणि दोन बाजूंना दोन. शेजारशेजारच्या घरांची भिंत सामाईक असते, म्हणजे कडेचे मणी सोडले तर प्रत्येक मणी दोन घरांत मोजला जातो. आईच्या तोरणात एका घरात पाच मणी झाले होते, वरच्या जागी एकाऐवजी दोन. पुढच्या ओळीत त्याच दोन मण्यांवर वरचे घर उभे राहिले, म्हणून तेही पाच मण्यांचे झाले आणि वीण तिथे फुगली. त्या दोन जोडमण्यांपैकी कोणताही एक फोडला, तर दोन्ही घरे चार मण्यांची होतात. पण घाईत बाजूचा मणी फोडला, तर शेजारचे घर तीनच मण्यांचे उरते आणि एका चुकीच्या दोन चुका होतात. म्हणून फोडण्यापूर्वी मण्याच्या दोन्ही बाजूंची घरे मोजावीत.

मणी कमी पडला असेल तर? इथे निसर्ग पक्षपाती आहे. मणी म्हणजे बंद कडी आणि दोन्हीकडून विणीत अडकलेला दोरा म्हणजे मोकळे टोक नसलेली रेघ. त्यांना वेगळे करायचे तर दोघांपैकी एक तोडावे लागते, तसेच त्यांना एकत्र आणायचे तरीही एक तोडावे लागते. जादा मणी काढताना आपण मणी तोडतो. मणी घालायचा असेल तर अखंड मणी हवा, म्हणजे तोडायला दोराच उरतो. त्यातून एकच वाट आहे : जुना दोरा न तोडता नवा दोरा घ्यायचा. तो शेजारच्या मण्यातून आणून त्यात नवा मणी ओवायचा आणि पलीकडच्या मण्यात शिरवायचा. जुना दोरा मागे तसाच राहतो. चुकीच्या रंगाचा मणीही असाच बदलता येतो. आधी तो आतून फोडायचा आणि रिकाम्या जागी नव्या दोऱ्याने योग्य रंगाचा मणी बसवायचा.

वर्गात करून पाहा

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना यातून एक चांगला प्रयोग देता येईल. मणी शिक्षकांनी स्वतः फोडावेत, मोजमापे मुलांनी घ्यावीत. एकाच रिळाचे सारख्या लांबीचे तीस दोरे घ्या आणि प्रत्येकात एक काचेचा मणी ओवा. दहा मणी पकडीने फोडा, दहा सुईने फोडा, दहा तसेच ठेवा. मग प्रत्येक दोऱ्याला डबा टांगून दोरा तुटेपर्यंत हळूहळू वाळू घाला आणि डब्यासकट वाळूचे वजन नोंदवा. दोरा कुठे तुटला, मण्याच्या जागी की गाठीपाशी, हेही लिहून ठेवा. गाठीपाशी दोरा कमजोर होतो, म्हणून टोके बांधण्याऐवजी पेन्सिलीवर गुंडाळून चिकटवलेली बरी. न फोडलेले दहा दोरे कशासाठी, हा प्रश्न मुलांनाच विचारा. तुलनेसाठी काहीतरी जसेच्या तसे ठेवावे लागते, हे एकदा हाताने केले की विसरत नाही. तिन्ही गटांची सरासरी काढून झाल्यावर प्रत्येक गटातला सर्वांत कमी आकडाही पाहायला सांगा. तोरण टिकते ते सरासरी दोऱ्यावर नव्हे, सर्वांत कमजोर जागेवर.

आईने ते तोरण तुटल्या जागेपर्यंत उसवले आणि पुन्हा विणले. शेवटून तिसऱ्या ओळीत पुन्हा एक मणी जास्त झाला. या वेळी तिने दोन्ही बाजूंची घरे स्वतः मोजली, माझ्याकडून दोनदा मोजून घेतली आणि मगच मणी माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावला, खोडरबर मांडले, सुई घातली. मणी फुटल्यावर आईने दोरा नखाने चाचपला, ओढून पाहिला आणि पुढचा मणी उचलला.