पद्मिनीचे स्टेअरिंग : ढिलाईची बेरीज

स्टेअरिंगचे चाक थोडे फिरवावे आणि रस्त्यावरची चाके मात्र जागची हलू नयेत, या मोकळ्या चालीला गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’ म्हणतात, आणि प्रीमियर पद्मिनीच्या मालकांनी जितक्या वेळा हा शब्द उच्चारला असेल, तितक्या वेळा दुसरा कोणताही तांत्रिक शब्द क्वचितच उच्चारला असेल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८ वा नियम ही चाल ३० अंशांपेक्षा अधिक असू नये, असे सांगतो. सुमारे ४० सेंटीमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेवर मोजल्यास हे अंतर १० सेंटीमीटरांच्या आसपास भरते, म्हणजे हात जवळजवळ अर्धी वीत सरकूनही गाडी सरळच जात राहिली, तरी कायद्याचा आक्षेप नाही. नियम उदार आहे, असेच म्हणावे लागेल. त्याच नियमात स्टेअरिंगचे बॉल जॉइंट रबरी टोपणांनी झाकलेले असावेत आणि बोल्ट वा पिना निसटणार नाहीत अशा पक्क्या अडकवलेल्या असाव्यात, असेही म्हटले आहे, आणि व्यवहारात अंशांच्या आकड्यापेक्षा या दोन अटी अधिक मोलाच्या आहेत, कारण प्लेची सुरुवात पुष्कळदा एखाद्या फाटलेल्या रबरी टोपणातून धूळ आत शिरण्यानेच होते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात फियाट कंपनीच्या परवान्याने तयार होणारी ही गाडी मुळात इटलीतील फियाट ११०० चे रूप होती. १९६४ मध्ये ती ‘डिलाइट’ म्हणून आली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. नाव बदलले तरी सांगाडा आणि स्टेअरिंग यांची मूळ रचना पन्नाशीच्या दशकातलीच राहिली. गंमत अशी की, तिची समकालीन अॅम्बॅसेडर, जी एरवी अधिक जुन्या वळणाची म्हणून ओळखली जाते, तिला रॅक आणि पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारे लहान दंतचक्र, अशी सुटसुटीत यंत्रणा होती, आणि १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने तीच यंत्रणा घराघरात पोहोचवली. पद्मिनी मात्र स्टेअरिंग बॉक्सवरच थांबली.

या बॉक्समध्ये स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला वर्म, म्हणजे आटे पाडलेला दंडगोल, असतो आणि त्याच्या आट्यांत सेक्टर नावाचा दातेरी तुकडा अडकलेला असतो. वर्म फिरला की सेक्टर कलतो, त्याच्या अक्षाला जोडलेला ड्रॉप आर्म एका बाजूला सरकतो, तो मधल्या दांड्याला ओढतो, आणि त्या दांड्याचे दुसरे टोक सावरण्यासाठी विरुद्ध बाजूला आयडलर आर्म नावाचा तसाच एक निष्क्रिय हात बसवलेला असतो. पुढे डाव्या-उजव्या टाय रॉडमार्फत ही हालचाल चाकांपर्यंत जाते, जिथे प्रत्येक चाक किंगपिन या उभ्या पोलादी खिळीभोवती वळते. दांड्यांच्या टोकांना बॉल जॉइंट, आयडलरला बुश, म्हणजे पिन वा अक्ष ज्यात फिरतो ती आखूड नळी, किंगपिनला वर आणि खाली एकेक बुश, चाकाला बेअरिंग, अशी ही साखळी असल्यामुळे चालकाच्या हाताला जाणवणारा प्ले कधीच एका भागाचा नसतो. प्रत्येक सांध्यातील केसाएवढी फट पुढच्या फटीत मिळत जाते आणि स्टेअरिंगच्या चाकाच्या कडेवर तिची बेरीज दिसते. जुन्या गाडीच्या स्टेअरिंगविषयी जे जे गैरसमज, जी जी वादावादी आणि जी जी फसवणूक होते, त्या साऱ्यांचे मूळ या बेरजेत आहे.

गाडीचा बहुतेक प्रवास सरळ रस्त्यावर होत असल्याने वर्म आणि सेक्टर यांची झीज मध्यावर सर्वाधिक होते आणि दोन्ही टोकांकडचे दाते जवळजवळ कोरे राहतात. बॉक्समधील फट कमी करण्याची सोय निर्मात्याने करून ठेवलेली आहे, पण झिजलेल्या बॉक्समध्ये मध्य घट्ट होईपर्यंत आवळले की टोकांकडे दाते जाम होतात. वळण घेतल्यानंतर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही, हाताने आणावे लागते, आणि अरुंद गल्लीत पूर्ण वळण घेताना ते अडकण्याचा धोका उद्भवतो. तरीही कोणत्याही नाक्यावरच्या गॅरेजात पहिला पान्हा पडतो तो येथेच, कारण हे काम पाच मिनिटांचे आहे आणि त्याचा परिणाम गाडी बाहेर पडताना लगेच जाणवतो. खरा दोष आयडलरच्या बुशमध्ये असला तर आठवडाभरात जुनीच तक्रार परत येते आणि तोवर बॉक्सची झीज मात्र वाढलेली असते.

दोष शोधण्याची पद्धत अवघड नाही. तिला दोन माणसे आणि थोडा धीर लागतो. गाडी जॅकवर न घेता चाके जमिनीवरच ठेवून एकाने स्टेअरिंग प्लेच्या मर्यादेत हलके हलवत राहायचे आणि दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांध्यावर हाताची मूठ ठेवायची. एक बाजू हलते पण दुसरी हलत नाही, असा सांधा बोटांना तत्काळ कळतो. गाडी उचलून सांधे चाचपले तर त्यांच्यावरचा भार निघून जातो आणि अनेक दोष लपतात. किंगपिनसाठी मात्र चाक उचलावेच लागते. ते वर-खाली धरून हलवल्यावर खडखड जाणवली, तर दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरायचा: खडखड थांबली तर ढिलाई चाकाच्या बेअरिंगची, तशीच राहिली तर किंगपिनची. ब्रेकचे एवढे साधे निदान न करता किंगपिनचा अख्खा संच बदलून देणारे कारागीर थोडे नाहीत.

किंगपिनचे काम हे या व्यवसायातील खरी परीक्षा होय. नवे बुश दाबून बसवल्यावर त्यांचा आतला व्यास किंचित आवळतो, म्हणून वरचा आणि खालचा बुश एकाच रेषेत राहतील अशा लांब रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाला कातणाऱ्या हत्याराने, ते पिनच्या मापाला उघडावे लागतात. हा रीमर जवळ नसलेला मिस्त्री बुश हातोडीने ठोकतो, आतून कागद मारतो आणि पिन रेटून घालतो. परिणामी नव्या भागांसह गाडी जड चालते, आणि काही महिन्यांनी दोन बुश दोन तिरप्या दिशांना झिजून प्ले पूर्ववत होतो. बॉक्समध्ये गिअर ऑइलऐवजी ग्रीस कोंबणे हाही असाच एक सार्वत्रिक उपाय आहे. गळती त्याने थांबते, हे खरे, परंतु दात्यांनी एकदा बाजूला सारलेले ग्रीस तेलासारखे परत वाहून येत नाही, आणि धातू धातूवर कोरडाच घासत राहतो.

याहून सूक्ष्म असा एक दोष आहे, जो चांगल्या चांगल्या गॅरेजांतूनही निसटतो. बॉक्स मध्यावर सर्वांत घट्ट असावा आणि दोन्हीकडे किंचित सैल होत जावा, अशी त्याची रचना असते, म्हणून गाडी सरळ जात असताना बॉक्सही नेमका मध्यावर असणे आवश्यक असते. टो-इन, म्हणजे पुढची चाके समोरच्या टोकाशी किंचित आत वळलेली असण्याचे माप, टाय रॉडची लांबी कमी-जास्त करून जुळवले जाते. ते करताना एकच दांडा फिरवला तर माप बरोबर येते, पण गाडी सरळ चालताना बॉक्स मध्यापासून सरकलेला राहतो आणि स्टेअरिंगचे चाक तिरके दिसते. यावर प्रचलित तोड अशी की, चाकाचा नट काढून ते खाचांवरून उपसायचे आणि सरळ करून पुन्हा बसवायचे. डोळ्यांना सारे ठीक दिसते, परंतु बॉक्स कायमचा आपल्या सैल भागात काम करू लागतो, आणि त्यानंतर तो कितीही आवळला तरी प्ले जात नाही.

हे अज्ञान म्हणावे की लबाडी, हा प्रश्न मालक नेहमी विचारतात, आणि तो बहुधा चुकीचा असतो. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा सेवांचा विचार मांडला, ज्यांची गुणवत्ता विकत घेतल्यानंतरही ग्राहकाला पारखता येत नाही आणि ज्यांत निदान करणारा व दुरुस्ती विकणारा एकच असतो. मोटारदुरुस्ती याच जातीची आहे. नाक्यावरच्या गॅरेजच्या बिलात टाय रॉड एंडची किंमत असते, मजुरी असते, पण तासभर गाडीखाली झोपून दोष कोठे नाही हे ठरवण्याची किंमत कोठेच नसते. मालकही ती देण्यास तयार नसतो आणि गाडी संध्याकाळपर्यंत मिळावी, असा त्याचा आग्रह असतो. मग ज्याचे पैसे मिळतात ते केले जाते, म्हणजे भाग बदलला जातो. त्यात बनावट मालाची भर पडते: वरून हुबेहूब दिसणाऱ्या डब्यातील बॉल जॉइंटचा निमुळता खुंटा आर्मच्या भोकात पूर्ण टेकत नाही, आणि नट आवळूनही तो आत डुलत राहतो. आयटीआयमधील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मोटार मेकॅनिकला मोजमाप शिकवले जाते, परंतु नाक्यावरचे बहुतेक हात उस्तादाच्या हाताखाली तयार झालेले असतात, आणि उस्तादाच्या चुकाही वारशाने पुढे जातात. तरी याच परंपरेने काही असामान्य बोटेही घडवली, हे नाकारता येत नाही.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या बाबतीत हे चित्र बरेच वेगळे होते. चालक दिवसभर तीच गाडी हाकत असल्याने त्याच्या हाताला दोष लवकर कळे, गाडी पुनःपुन्हा त्याच मिस्त्रीकडे जात असल्याने फसवणुकीचा हिशेब महिनाभरात चुकता होई, आणि जुन्या टॅक्सीला दरवर्षी आरटीओच्या पासिंगला उभे राहावे लागत असे. खासगी मालकाला यांपैकी एकही कवच नव्हते. टॅक्सींसाठी वयोमर्यादा आधी २५ आणि नंतर २० वर्षे अशी ठरल्यावर पद्मिनी झपाट्याने ओसरल्या, आणि २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली.

आता ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या हौसेने जपलेल्या खासगी गाड्या आहेत, आणि त्यांच्या स्टेअरिंगचे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वा पुण्याच्या नाना पेठेत शोधावे लागतात. वापरलेला बॉक्स घेताना जाणकार तो मध्यावर नव्हे, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवून पाहतात, कारण मध्याचा सैलपणा आवळून झाकता येतो, टोकाचा अडकाव मात्र झाकता येत नाही. बुश मिळत नसतील तर ते लेथवर कांस्याच्या सळईतून कातून घेता येतात. अशा वेळी कातारी जुना बुश नमुना म्हणून मागतो, आणि झिजलेल्या नमुन्याचे माप घेतले तर नवा बुशही झिजलेल्याच मापाचा तयार होतो, म्हणून त्याच्या हाती बुशऐवजी नवी पिन द्यावी लागते.