शिडीवर विझलेली टॉर्च: महागडी एलईडी टॉर्च घेण्याआधी काय तपासायचं?

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आकडे पटकन निसटून जातात, म्हणून आकडेमोड इथे जरा सावकाश मांडली आहे.)

हेडफोन लावलेत? लोकलमध्ये असाल तर दारातून जरा आत या, आणि मग ऐका.

आजचा विषय आहे टॉर्च. हसू नका. "मोबाइलला फ्लॅश आहे की," असं म्हणणाऱ्यांपैकी मीही एक होतो. मग ट्रेकिंगचं वेड लागलं आणि मी साडेचार हजार रुपये मोजून एक टॉर्च घेतली. कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाहीये. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: १२०० ल्युमेन, दोन तास. मला वाटलं, झालं आपलं काम.

तर झालं असं. कळसूबाई. १६४६ मीटर, आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. बारी गावातून रात्री चढायला सुरुवात केली, पहाटे माथ्यावर सूर्योदय बघायचा म्हणून. सोबत माझा मावसभाऊ, वय सतरा, त्याचा पहिलाच ट्रेक. मावशीला मी शब्द दिला होता, "काळजी करू नकोस, माझ्याकडे भारी टॉर्च आहे." त्याच्याकडे फक्त मोबाइल, आणि तोही बॅगेत.

वाटेत लोखंडी शिड्या आहेत, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. भुरभुर पाऊस, शिडी ओली. मी वर पोचून त्याच्यासाठी खाली उजेड धरला होता. तो शिडीच्या मध्यावर आला आणि टॉर्च बंद. मिणमिणली नाही, लुकलुकली नाही, थेट काळोख. मी बटण दाबतोय, काहीच नाही. खालून फक्त त्याचा आवाज, "दादा, पाय कुठे ठेवू?"

त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून तसाच उभा राहिला. शेवटी मागून येणारे एक बाबा, बहुतेक वरच्या चहाच्या टपरीचं सामान घेऊन निघाले होते, त्यांनी त्यांची जुनी दोन सेलची पितळी बॅटरी लावली. (आमच्याकडे गावात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल, हे लक्षात असू द्या.) "हलू नको पोरा, आधी डावा पाय," असं म्हणत त्यांनी त्याला एकेक पायरी वर आणलं. तो पिवळट उजेड फार तर वीस-पंचवीस ल्युमेनचा असावा. माझ्या १२०० ल्युमेनपेक्षा तो कामाचा ठरला, कारण तो चालू होता.

घरी आल्यावर मी या प्रकरणाच्या मागेच लागलो. आज सांगतोय ते सगळं त्यातून शिकलेलं.

ल्युमेन, कँडेला आणि खोक्यावरची चलाखी

ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. कँडेला म्हणजे तो प्रकाश एका दिशेला किती एकवटलाय ते. बादलीभर पाणी अंगणात शिंपडा किंवा तेच पाइपच्या तोंडावर अंगठा धरून लांब उडवा. पाणी तेवढंच, पण पोचतं वेगवेगळ्या ठिकाणी.

खोक्यावर 'एएनएसआय एफएल १' असं लिहिलंय का, ते आधी बघा. टॉर्च मोजायची ही प्रमाणित पद्धत २००९ मध्ये आली. तिच्यात ल्युमेन मोजतात ते टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंद ते दोन मिनिटांच्या दरम्यान. पहिल्या क्षणाचा झगमगाट धरत नाहीत, हे चांगलंच. पण टॉर्च किती वेळ चालते, हे मोजताना उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात.

आता लक्षात आलं? '१२०० ल्युमेन, दोन तास' याचा अर्थ दोन तास १२०० ल्युमेन असा नाहीये. तीन मिनिटं १२००, पुढे पाऊण तास ४००, मग घसरत घसरत १२०. हे सगळं त्या 'दोन तासां'त बसतं. खोटं कुणी बोललेलं नाही, आपणच वाचताना चुकतो.

सेल खोटं बोलत नाही

दुकानात उभ्या उभ्या करता येईल असा हिशोब सांगतो. बहुतेक चांगल्या टॉर्चमध्ये १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. नाव म्हणजे मापच आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. त्याची खरी क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास संपते. कुणी त्याच मापाच्या सेलवर ९९०० लिहून विकत असेल तर सरळ पुढच्या दुकानात जा. थोडा मोठा २१७०० सेल साधारण ५००० एमएएचच्या आसपास असतो.

माझा सेल ३००० एमएएचचा. म्हणजे ३ अँपिअर-तास. गुणिले ३.६ व्होल्ट, झाले १०.८ वॅट-तास. चांगली टॉर्च एका वॅटमागे ढोबळमानाने १०० ल्युमेन देते. म्हणजे माझ्या सेलमध्ये साधारण १०८० 'ल्युमेन-तास' एवढाच उजेड भरलेला होता. १२०० ल्युमेन दोन तास हवे असतील तर लागतात २४००. जमाखर्च जुळतच नाही! पण तोच सेल १०० ल्युमेनवर दहा तास आरामात चालला असता. शिडी चढायला १०० ल्युमेन पुष्कळ होतात, हे मला त्या रात्री माहीत नव्हतं.

तापते म्हणून मंदावते

एलईडी थंड असते, हा गैरसमज. तिला दिलेल्या विजेतला मोठा हिस्सा उष्णता होऊनच बाहेर पडतो. मुठीएवढ्या टॉर्चमध्ये दहा-बारा वॅट कोंबल्यावर ती तापणारच. म्हणून चांगल्या टॉर्चमध्ये आतलं सर्किट तापमान बघून उजेड आपोआप कमी करतं. हा दोष नाही, ही सोय आहे. प्रश्न एवढाच, की कमी झाल्यावर ती कुठे स्थिरावते. कारण पुढची वाट त्या उजेडावर चालायची असते.

आणि इथेच माझी स्वतःची चूक. टॉर्च मंद झाली की मी बटण दोनदा दाबून परत 'टर्बो'वर न्यायचो. रात्रभर हेच केलं. सेल रिकामा होत गेला आणि शेवटी सेलमधल्या संरक्षक सर्किटने वीज तोडली. त्या टॉर्चमध्ये आधी इशारा देणारा लाल दिवाच नव्हता. अर्धा दोष तिचा, अर्धा माझा.

घरच्या घरी परीक्षा

आता कामाची गोष्ट. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये वर प्रकाश मोजणारा सेन्सर असतो. लक्स दाखवणारं एखादं फुकट अॅप घ्या. आकडा अगदी बिनचूक नसतो, पण आपल्याला तुलना करायची आहे, त्याला तो पुरतो.

पहिली परीक्षा, टिकण्याची. रात्री खोली बंद करा, दिवे घालवा. टॉर्च टेबलावर उभी ठेवा, तोंड पांढऱ्या छताकडे. फोन बाजूला उताणा ठेवा आणि मग दोन्हीला हात लावू नका. लावल्या लावल्या, ३० सेकंदांनी, दोन मिनिटांनी आणि पुढे दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. टॉर्चजवळच बसा, ती फार तापली तर बंद करा. मग वहीत आलेख काढा. डोळ्यावर भरवसा ठेवू नका, कारण उजेड हळूहळू कमी झाला तर डोळा सरावत जातो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही.

आलेखाचे दोन नमुने दिसतील. एक घसरगुंडी: सेल उतरेल तसा उजेड उतरतो. स्वस्त टॉर्चचं हे लक्षण. दुसरं पठार: बराच वेळ सपाट आणि शेवटी एकदम कडा. महागड्या टॉर्चमध्ये विजेचा प्रवाह सांभाळणारं चांगलं सर्किट असतं, म्हणून पठार मिळतं. पण कड्याच्या आधी पाटी हवी! लाल दिवा, लुकलुक किंवा शेवटी मंद उजेडावर उतरणं, यातलं काहीतरी असायलाच पाहिजे. मी घेतली होती ती बिनपाटीची.

दुसरी परीक्षा, लांब फेकीची. गच्चीवर किंवा लांब पॅसेजमध्ये पाच मीटरवर फोन धरा आणि झोताच्या मधोमध लक्स बघा. समजा १०० आले. अंतराचा वर्ग २५, गुणिले १००, झाले २५०० कँडेला. त्याचं वर्गमूळ ५०, त्याची दुप्पट १००. म्हणजे खोक्यावर 'फेक १०० मीटर' असं छापता येईल. पण त्या १०० मीटरवर उजेड असतो पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. खरं काही ओळखायचं असेल तर अंतर निम्मं धरा. आणि फेक दुप्पट हवी तर कँडेला चौपट लागतात, त्यामुळे थोड्या जास्त आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

तिसरी परीक्षा, रंगाची. देवघरातलं कुंकू घ्या. टॉर्चच्या उजेडात ते लालभडक दिसतंय की मळकट तपकिरी? पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळी एलईडी, तिच्यावर पिवळसर लेप. (ही निळी एलईडी घडवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) थंड निळसर उजेडात ल्युमेनचा आकडा फुगतो, पण लाल रंग मरतो. तांबड्या मातीच्या वाटेवर मूळ कुठलं आणि साप कुठला, जखमेवर चिखल आहे की रक्त, हे कळायला रंग नीट दिसावा लागतो. खोक्यावर सीआरआय ९० च्या पुढे आणि रंग ४००० ते ५००० केल्व्हिन असेल तर मी थोडे कमी ल्युमेन आनंदाने चालवून घेतो.

चौथी, एकदम सोपी. मंद मोडवर फोनचा कॅमेरा टॉर्चकडे धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ती भराभर चालू-बंद होऊन उजेड कमी करतेय. पट्टे ठळक असतील तर रात्रभराच्या वापरात डोळ्यांना त्रास होऊ शकतो.

पाऊस, पडझड आणि केबल

आपल्या पावसाला आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे, ते पुरत नाही. आयपीएक्स ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. मधला 'एक्स' म्हणजे धुळीची परीक्षा झालेली नाही. झाकणाच्या आट्यांवर रबरी कडी असते, तिला अधूनमधून सिलिकॉन ग्रीस लावा. चार्जिंगसाठी दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावून दुकानातच बघा, काही टॉर्च तिच्यावर चार्जच होत नाहीत. सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नका, शॉर्ट झाला तर पेटतो. आणि बॅगेत ठेवताना शेपटीकडचं झाकण पाव आटा सैल करा. बहुतेक टॉर्चमध्ये मग बटण चुकून दाबलं तरी ती लागत नाही.

धुक्यात एक लक्षात ठेवा: उजेड डोळ्याजवळून टाकला तर पांढरी भिंतच दिसते. टॉर्च कमरेजवळ धरा, वाट दिसायला लागते.

मग घ्यायची कुठली?

माझं उत्तर असं. मधल्या मोडवर, म्हणजे १०० ते ३०० ल्युमेनला, पठार किती तास टिकतं ते बघा. इशारा आहे का ते बघा. सेल बदलता येतो का ते बघा. टर्बोचा आकडा सगळ्यात शेवटी. आणि अगदी मंद, एक-दोन ल्युमेनचा मोड हवाच. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलात तर कळेल, तिथे सगळ्यात चांगली टॉर्च म्हणजे कमीत कमी लागणारी. एकदा प्रखर उजेड डोळ्यात गेला की अंधाराला पुन्हा सरावायला वीसेक मिनिटं जातात, आणि काजव्यांनाही त्या झोताचा त्रास होतो.

त्या रात्रीनंतर मी दोन टॉर्च नेतो. एक माझ्या कपाळावर, दुसरी जो सोबत असेल त्याच्या. मावसभाऊ पुन्हा येतो ट्रेकला, पण निघताना माझी टॉर्च स्वतः लावून बघतो आणि विचारतो, "दादा, आलेख काढलास ना?"

काढतो. दर वेळी काढतो.

तुमच्या टॉर्चचा आलेख घसरगुंडीचा आला की पठाराचा, फोटो काढून पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर सेल चार्ज करून ठेवा!