अर्जुनाची साल आणि हृदयाचे आरोग्य

घरात कुणाला हृदयविकाराचा झटका आला, की रुग्ण इस्पितळातून परतण्याआधीच सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. ‘अर्जुनाची साल दुधात उकळून द्या’ हा त्यांतला हमखास सल्ला. नदी-ओढ्यांच्या काठी वाढणाऱ्या या उंच वृक्षाची साल आयुर्वेदाने पूर्वापार हृदयाला हितकारक मानली आहे. पण जिथे प्राणाशी गाठ आहे, तिथे केवळ परंपरेवर विसंबून कसे चालेल?

जयपूरचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. राजीव गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सालीची रीतसर परीक्षा घेतली. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या १०५ रुग्णांचे ३५-३५ चे तीन गट केले. पहिल्या गटाला औषधाचा अंशही नसलेले नकली औषध, दुसऱ्याला ई जीवनसत्त्व आणि तिसऱ्याला रोज ५०० मिलिग्रॅम अर्जुनसालीचे चूर्ण दिले. तीस दिवसांनी रक्त तपासले. अर्जुनसाल घेणाऱ्यांचे एकूण कोलेस्टेरॉल सरासरी सुमारे १० टक्के, तर रक्तवाहिन्यांत थर साचवणारे एलडीएल कोलेस्टेरॉल सुमारे १६ टक्के उतरले होते. इतर दोन गटांत असा लक्षणीय फरक दिसला नाही. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण रक्तातले कोलेस्टेरॉल उतरले, म्हणजे रक्तवाहिनीही सुधारली असे नाही. ती परीक्षा इंदूरच्या डॉक्टरांनी घेतली. निरोगी धमनी रक्ताचा ओघ वाढताच रुंदावते. धूम्रपानाने तिचा हा गुण कमी होतो. तो मोजण्यासाठी हाताला पट्टा बांधून रक्तप्रवाह काही मिनिटे अडवतात, मग सोडतात आणि धमनी किती रुंदावली ते सोनोग्राफीने पाहतात. धूम्रपान करणाऱ्या १८ पुरुषांमध्ये ती सरासरी ५ टक्क्यांहूनही कमी रुंदावत होती; धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये जवळजवळ १२ टक्के. दोन आठवडे अर्जुनसाल घेतल्यावर धूम्रपान करणाऱ्यांचा आकडा ९ च्या वर गेला. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र एवढ्याने हुरळून जाऊ नये. रुग्ण थोडे होते, मुदत अल्प होती. झटके टळले किंवा आयुष्य वाढले, हे यातून सिद्ध होत नाही. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये हृदय दुर्बल झालेल्या १०० रुग्णांवर १२ आठवडे प्रयोग झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, अर्जुनसालीने हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद वाढली नाही.

तेव्हा साल घ्यायचीच असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावे. चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. विडी-सिगारेट सोडण्याला तर पर्यायच नाही. आणि छातीत कळ आली, घाम फुटला, तर काढा उकळत न बसता थेट इस्पितळ गाठावे. त्या वेळी एकेक मिनिट मोलाचे असते.