गोरज मुहूर्त, सातवं पाऊल आणि नऊचं गेट

आज सांगतो मे महिन्यातल्या एका लग्नाबद्दल. मी म्हैसूरला पौरोहित्य करतो. घरात मराठी, बाहेर कन्नड. त्यामुळे दोन्हीकडची माणसं असलेली लग्नं हटकून माझ्याकडे येतात. हा मुलगा पुण्याचा, मुलगी उटीची, आणि लग्न म्हैसूरच्या कल्याणमंटपात. मुलीची आजी नव्वदीची. घाट उतरून येणं तिला झेपणारं नव्हतं. म्हणून बेत असा, की लग्न लागलं की त्याच रात्री सगळ्यांनी उटी गाठायची आणि आजीच्या पाया पडायचं. आशीर्वादाचे मंत्र म्हणायला मलाही गाडीत जागा ठेवली होती.

पहिला घोळ पत्रिकेतच निघाला. गोरज मुहूर्त, सायंकाळी सात. गोरज म्हणजे गुरं घरी परततात तेव्हा उडणारी धूळ. अर्थात सूर्यास्ताच्या आगेमागेची वेळ. पण सूर्यास्त कुठला? मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य साधारण सातला मावळतो, म्हैसूरला सहा चाळीसला. म्हैसूर पुण्याच्या पूर्वेला जवळजवळ पावणेतीन अंश आहे, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे अकरा मिनिटं तिथेच गेली. उरलेली नऊ अक्षांशाची: उन्हाळ्यात दक्षिणेकडे जावं तसा दिवस लहान होतो. घड्याळ देशभर एक असलं तरी सूर्य ज्याच्या त्याच्या गावचा असतो. दुसऱ्या गावच्या पंचांगातली वेळ तशीच छापू नका, एवढंच सांगणं. आम्ही सहा चाळीस धरले. मुलाचे वडील थोडे नाराज झाले, पण आकडे दाखवल्यावर ऐकलं त्यांनी.

अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. पुण्याची मंडळी टाळ्या वाजवून मोकळी. मुलीकडचे मात्र तसेच बसलेले. कारण त्यांच्याकडे हातावर धार सोडतात, मांगल्य बांधतात, तेव्हा मुहूर्त साधला म्हणायचं. तेही झालं. सव्वासात वाजले असतील. मुलाचे मामा माझ्या कानाशी आले.

“गुरुजी, आता होमबिम थोडक्यात घ्या. सप्तपदी उद्या केली तरी चालेल ना? नऊला जंगलाचं गेट बंद होतं.”

गेटचं त्यांचं खरं होतं. उटीचा रस्ता बंडीपूरच्या व्याघ्रप्रकल्पातून जातो. रात्री गाड्यांखाली जनावरं मरायची, म्हणून २००९ पासून तिथे रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. म्हैसूरहून गेट पावणेदोन तासांवर. त्या क्षणी निघालो असतो तर कसंबसं साधलं असतं.

पण मी नाही म्हटलं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याचं सातवं कलम सांगतं, की विवाह दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे लावता येतो. आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर अग्नीसमोर सातवं पाऊल पडल्यावर तो पूर्ण आणि बंधनकारक होतो. अक्षतांनी नाही, फोटोंनी तर नाहीच. योग्य विधी झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानं विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. रात्री घाटात काही बरंवाईट झालं असतं तर ही मुलगी कायद्यानं कोण, हा प्रश्न उभा राहिला असता. मामांना हे मंडपात सांगवत नव्हतं. बाजूला घेऊन सांगितलं. ते गप्प झाले. मुलीनं मात्र आजीला फोन लावला आणि बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही.

लाजाहोम झाला, तांदळाच्या सात राशींवरून सात पावलं झाली. ध्रुवदर्शनाला गच्चीवर गेलो तर ध्रुव दिसेना. म्हैसूरला तो क्षितिजापासून जेमतेम बारा अंश वर. समोर इमारत असली की संपलं. दिशेला हात जोडले.

पहाटे चारला निघालो. सहाला गेट उघडलं तेव्हा आमच्यापुढे मोठी रांग. जंगलात थांबायचं नाही, उतरायचं नाही, हॉर्न नाही. धुक्यात चितळं रस्त्याकडेला चरत होती. तेप्पकाडूला डावीकडे मसिनगुडीचा फाटा घेऊन मोयार ओलांडली. इथून कल्हट्टी घाट: छत्तीस वळणं, प्रत्येकावर आकड्याची पाटी, आणि हजार मीटरहून जास्त चढ. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. आम्हाला ती मिळत गेली. विसाव्या वळणानंतर काचा वर केल्या, तिसाव्यानंतर शाली निघाल्या. खाली मसिनगुडीचं माळरान पिवळं, वर निलगिरीची झाडं आणि ओला वास. मामा पाट्या मोठ्यानं वाचत होते. उटीच्या नाक्यावर ई-पास तपासला. ७ मे २०२४ पासून बाहेरच्या गाड्यांना तो लागतो, आधी काढून ठेवा.

आजी दारातच खुर्ची टाकून बसली होती. नातीला जवळ घेऊन म्हणाली, “बंद्रा?” आलात का? मग माझ्याकडे वळून कन्नडमध्ये पहिलाच प्रश्न केला: सातही पावलं नीट घातली ना?

मी म्हटलं, घातली.

“मग उशीर झाला तर झाला,” म्हणाली आणि कॉफी ठेवायला सांगितली.