एक रिसीव्हर, अनेक खोल्या

दिवाणखान्यातल्या रिसीव्हरवर लावलेले गाणे स्वयंपाकघरात, माडीवर आणि सज्जातही एकाच वेळी ऐकू यावे, ही गृहस्थाची इच्छा सर्वथा रास्त आहे. परंतु तिच्या पूर्ततेसाठी यंत्राच्या पाठीवरील एकाच जोडीच्या टर्मिनलांत चारही खोल्यांच्या तारा पिळून बसवण्याची जी तजवीज बहुधा केली जाते, ती यंत्राच्या जिवावर बेतणारी आहे. शंभर वॅटच्या यंत्राला आणखी दोन स्पीकर काय जड, असा सवाल करणाऱ्याच्या मनात वॅटचा हिशेब असतो, ओहमचा नसतो.

घरगुती स्पीकरचा रोध सामान्यतः ८ ओहम धरतात, जरी हा आकडा नाममात्र असून तो स्वराच्या उंचीनुसार वरखाली होत असतो. असे दोन स्पीकर समांतर जोडले की यंत्राच्या वाट्याला ४ ओहम येतात, आणि चार जोडले की अवघे २. रोध घटला म्हणजे ओझे हलके झाले, असा समज होणे स्वाभाविक असले तरी वस्तुस्थिती नेमकी विपरीत आहे. कारण जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार दाब तोच राहून रोध निम्मा झाला की प्रवाह दुप्पट होतो, आणि तो सारा प्रवाह पुरवण्याची जबाबदारी आतल्या ट्रान्झिस्टरांवर येऊन पडते. पंगती वाढल्या तरी कोणाच्या पानात कमी पडत नाही. दमछाक होते ती एकट्या वाढप्याची. यंत्र तापते, संरक्षक व्यवस्था असल्यास आवाज तोडून टाकते, आणि मालक यंत्र बिघडल्याची फिर्याद घेऊन कारागिराकडे जातो.

एकसर जोडणीत रोधांची बेरीज होऊन यंत्र सुखी राहते, पण एका स्पीकरचा बदलता रोध दुसऱ्याच्या स्वरात ढवळाढवळ करतो; म्हणून तो मार्ग संगीतप्रेमी माणसाने न धरणेच इष्ट.

खरा बंदोबस्त ट्रान्सफॉर्मरचा. खोलीच्या भिंतीवर बसणाऱ्या विशिष्ट व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, जो ८ ओहमचा स्पीकर यंत्राला ३२ ओहमचा भासवतो. असे चार समांतर जोडले की एकूण रोध पुन्हा ८ वर येतो. प्रत्येक खोलीला शक्तीचा चतुर्थांशच मिळतो हे खरे, तथापि बऱ्याच स्पीकरांना एका वॅटवरही मीटरभर अंतरावर ८५ ते ९० डेसिबल आवाज काढता येत असल्याने घरात त्याची उणीव सहसा भासत नाही.

गणेशोत्सवाच्या मंडपापासून गल्लीच्या टोकापर्यंत टांगलेले कर्णे ज्या शंभर व्होल्टच्या लाइनवर चालतात, तिचे तत्त्व याच जातीचे: १०० वॅट ८ ओहमच्या स्पीकरला पोचवण्यास साडेतीन अँपिअर लागतात, तेच १०० व्होल्टवर एका अँपिअरमध्ये भागतात, म्हणून लांबलचक बारीक तारेतही फारसे नुकसान होत नाही. स्वस्त लाइन ट्रान्सफॉर्मर मात्र खर्जातला गाभा गिळतात. सूचना आणि आरत्यांपुरते ते चालून जाते, पण ज्याला तबल्यातला डग्गा ऐकायचा आहे त्याने त्या वाटेस जाऊ नये.

तारेविषयी दोन शब्द. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वीस मीटर नेली तर जाऊन-येऊन सुमारे अर्धा ओहम तिच्यातच खर्ची पडतो. तेव्हा लांबच्या खोलीला अडीचची तार घालावी, आणि गिलावा होण्यापूर्वीच प्रत्येक खोलीची तार विजेच्या तारांपासून अलग अशा नळीतून थेट रिसीव्हरच्या जागेपर्यंत आणून ठेवावी.