देश सोडला तरी कर्ज सुटत नाही

‘हप्ते थकलेत ना? दुबई गाठ. तीन वर्षं गेली की बँकेला काही करता येत नाही.’ असा सल्ला देणारे लोह्यापासून लातूरपर्यंत कुठेही भेटतात. त्यातले तीन वर्षांचे गणित सर्वस्वी खोटे नाही. साध्या, विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. पण 1963च्या मुदत कायद्याचे कलम 15(5) या सल्लागारांना ठाऊक नसते. कर्जदार जितका काळ भारताबाहेर असतो, तितका काळ मुदतीतून वगळला जातो. जून 2022 मध्ये कर्ज थकले, जून 2023 मध्ये कर्जदार आखातात गेला आणि 2028 मध्ये परतला, तरी बँकेच्या हाती दावा लावायला जवळपास दोन वर्षे उरतात. गावातच राहिला असता, तर हीच मुदत 2025 मध्ये संपली असती. शिवाय त्याची वाट पाहणे बँकेला बंधनकारक नाही. रीतसर समन्स बजावूनही तो हजर झाला नाही, तर एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो आणि त्याची अंमलबजावणी पुढे बारा वर्षे मागता येते.

कर्जदार हाताला लागत नाही तेव्हा वसुली जामीनदाराकडे वळते. ‘आधी त्याला पकडा, मग माझ्याकडे या,’ हे जामीनदाराचे म्हणणे कायद्यात टिकत नाही. 1872च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे त्याची जबाबदारी सामान्यतः कर्जदाराइतकीच असते. पतसंस्थेला तर दिवाणी दाव्याचीही गरज पडत नाही. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला मिळाला की जप्तीची कारवाई सुरू करता येते. न्यायालयात न जाता तारण जप्त करू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, हे खरे. पण त्यामुळे सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा आपोआप उतरत नाही आणि न्यायालयाचा मार्गही बंद होत नाही. उलट बाजूचा गैरसमजही दूर करायला हवा: ज्या आईवडिलांनी कुठेही सही केलेली नाही, ते केवळ नात्यामुळे देणेकरी ठरत नाहीत.

तिकडे कर्ज काढून इकडे पळून यावे, असेही काहींना वाटते. 17 जानेवारी 2020च्या अधिसूचनेने संयुक्त अरब अमिराती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली आली. त्यामुळे दुबईच्या न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा नांदेडच्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीसाठी दाखल करता येतो. ब्रिटन आणि सिंगापूरही या यादीत आहेत. अमेरिका नाही; तिथल्या निकालाच्या आधारे इथे नवा दावा लावावा लागतो.

यावर कोणी विचारेल, कर्ज थकल्याने तुरुंग होत नाही, मग घाबरायचे कशाला? मुद्दा रास्त आहे. निव्वळ पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला कैदेत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच सांगितले. फरारी आर्थिक गुन्हेगारांचा 2018चा कायदा शंभर कोटी व त्याहून मोठ्या प्रकरणांसाठी आहे. विमानतळावर अडवणारी लुकआउट नोटीस काढायला लावण्याचा अधिकार सरकारी बँकांना नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 23 एप्रिल 2024 रोजी दिला. पण कर्जापोटी दिलेला चेक वटला नाही, तर चेकविषयक कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी खटला होतो आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेला, तरी 2007च्या पेमेंट कायद्यात तशीच तरतूद आहे. तारखांना गैरहजर राहिल्यास वॉरंट निघते आणि वॉरंट निघाले की पासपोर्ट जप्त होऊ शकतो.

क्रेडिट कार्डाच्या पन्नास हजारांसाठी बँक सहसा आखातापर्यंत जात नाही, हेही मान्य. पण व्याज थांबत नाही आणि सिबिलवरची नोंद परतल्यावर घरकर्जाच्या आड येते. बँकेने कर्ज ‘राइट ऑफ’ केले म्हणजे माफ केले, असेही नव्हे. ती हिशेबातली नोंद असते, वसुलीचा हक्क कायम राहतो.

परदेशी कामाला जाणे गुन्हा नाही. तिथली कमाई कर्ज फेडायचा चांगला मार्गही ठरू शकते. म्हणून निघण्यापूर्वी बँकेला लेखी कळवा, हप्ते बांधून घ्या किंवा एकरकमी तडजोड मागा. तडजोड ठरली तर ती लेखी घ्या, पैसे भरल्यावर बेबाकी दाखला घ्या आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरल्याची खात्री करा.