पहिल्या पगारापूर्वीचे बिऱ्हाड

मुलगा नोकरीस लागला की आपल्या घरांतून पेढे वाटले जातात. वेतनाचा आकडा शेजारीपाजारी पोहोचतो आणि त्या दिवसापासून तो ‘कमावता’ ठरतो. परंतु हा कमावता मुलगा परगावी बिऱ्हाड थाटतो तेव्हा पहिला पगार हाती पडण्यापूर्वीच त्यास किती रक्कम मोजावी लागते, हा हिशेब फार थोड्या घरांतून होतो.

आमच्या परिचयातील सांगलीकडील एका एकत्र कुटुंबात तो झाला नाही. थोरल्या नातवास पुण्यास हिंजवडीत सालीना सहा लाखांची नोकरी लागली. मंडळींनी बारांनी भागून महिना पन्नास हजार धरले. वस्तुतः हल्ली ज्यास ‘सी.टी.सी.’ म्हणतात त्या रकमेत कंपनीने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधीही मोजलेला असतो. मूळ वेतन २५,००० धरले, तर १२ टक्क्यांप्रमाणे कंपनीचा वाटा ३,०००, मुलाचा ३,०००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे १,२०० आणि व्यवसाय कर २००. हाती उरतात ४२,६००. निधी ही बचतच आहे, हे खरे. परंतु घरमालकास ती देता येत नाही.

तिघांनी मिळून घेतलेल्या जागेत त्याच्या वाट्यास १२,००० रुपये भाडे आले. तीन महिन्यांची अनामत, एक महिन्याचे आगाऊ भाडे आणि तितकीच दलाली मिळून ६०,००० रुपये पगाराआधीच द्यावयाचे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या जागेच्या अनामतीस दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण तो राज्यांनी स्वीकारावयाचा नमुना, आणि बाजारात अनामत ठरते ती गरजवंताची निकड पाहून.

घरी मागावे, तर पेढे वाटून झालेले! त्याने मित्रांकडून हातउसने घेतले. पहिला पगार ते फेडण्यात गेला, आणि वाणसामान, जेवण, पेट्रोल सारे क्रेडिट कार्डावर आले. पुढे तो दरमहा ‘किमान देय रक्कम’ तेवढी भरू लागला. हा ‘किमान’ शब्द मोठा फसवा आहे. बाकी राहिली की तिच्यावर व्याज चढतेच, शिवाय नव्या खरेदीसही बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्याच्या कार्डाचा दर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे चक्रवाढ न धरताही वर्षाकाठी ४२. त्यातच शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू झाला. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षापर्यंत हप्त्यास सवड मिळते. व्याज मात्र त्या काळातही थांबत नाही.

गणपतीस तो घरी आला नाही. रजा नाही असे कळविले. आजी म्हणाली, “खरेच रजा नसती तर पोराने तीन तीनदा सांगितले नसते.” दिवाळीत सारे उघड झाले. कार्डाची बाकी ७४,००० रुपये होती. आजोबा संतापले. “आम्ही वार लावून जेवलो, पण कोणाचे ऋण काढले नाही!”

आजोबांचे कष्ट आम्ही कमी लेखीत नाही. तथापि त्या वारांचे अन्न सात घरांनी शिजविले होते. पुण्यास १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातील मुलेही माधुकरीवर शिकली, ती गावाने झोळीत घातले म्हणूनच. आजच्या मुलाच्या पाठीशी असा गाव नाही, आणि त्याने खर्च सांगितला की तो उधळेपणा ठरतो. आम्हीही तरुणांस काटकसरीचे पाठ पुष्कळ दिले आहेत. दुसऱ्याच्या कॉफीचे पेले मोजणे सोपे असते.

काकूंनी कोणास न विचारता आपली सात टक्क्यांची मुदत ठेव मोडून कार्डाची बाकी भरली. व्याजाचे नुकसान झाले म्हणून काका दोन दिवस कुरकुरले. मग कागद घेऊन बसले आणि गप्प झाले. मुलगा आता त्यांस दरमहा ५,००० रुपये पाठवितो.

धाकटी नात येत्या जूनमध्ये मुंबईस नोकरीवर रुजू व्हावयाची आहे. काकांनी तिच्यासाठी एक रक्कम आताच बाजूस काढली असून वहीत ती ‘अनामत’ या सदराखाली मांडली आहे. जागा सोडताना घरमालकाकडून परत येईल तेव्हा ती त्याच पानावर जमा व्हावयाची आहे. आजोबांनी एवढेच विचारले की, दलाली कोणत्या सदरात घातली?